देव्हारा (खान्देशातला लाकडी)

देव्हारा म्हणजे घरातले देव ठेवायचं लाकडाचं छोटं देऊळ. हल्ली सगळेच देवघर म्हणतात, पण जुन्या माणसांच्या बोलण्यात फरक होता. देवघर म्हणजे देवांची खोली, आणि देव्हारा म्हणजे त्या खोलीतलं सुताराचं काम. फ्लॅटमध्ये खोलीच उरली नाही म्हणून दोन्ही शब्द एकाच वस्तूला चिकटले. एखाद्या गोष्टीचं नको तेवढं स्तोम केलं की मराठीत "देव्हारे माजवले" म्हणतात, आणि फर्निचरच्या दुकानात आठ कळस, बारा खांब आणि आतून निळी एलईडी पट्टी असलेला नग बघितला की हा वाक्प्रचार कुठून आला असेल ते लगेच पटतं.

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात देव्हारा हा प्रकार घरोघरी होता असं समजू नये. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरात भिंती हात-दीड हात जाड, त्यात कोनाडा ठेवलेला असायचा, त्याला देवळी म्हणायचे. देव तिथेच, पुढे पणती, वर काजळीचा काळा पट्टा. लाकडी देव्हारा असायचा तो वाडा असलेल्या पाटलाकडे, सावकाराकडे, ब्राह्मणाच्या किंवा गुजर-वाण्याच्या घरी. नंतर विटा-सिमेंटची घरं आली, भिंत नऊ इंचावर आणि मग साडेचारावर आली, कोनाडा काढायला जागाच राहिली नाही आणि देव भिंतीतून बाहेर येऊन लाकडात बसले. म्हणजे आज आपण परंपरा म्हणून जो देव्हारा विकत घेतो तो बऱ्याच घरांत दोन-तीन पिढ्यांपलीकडचा नसतो, त्याच्या आधी देवळीच. (आमच्या गावच्या घरातली देवळी अजून आहे, तिच्यात आता मोबाईलचं चार्जर आणि गॅसची डायरी असते.)

आधी देव मोजायचे

देव्हारा करायचा म्हणजे पहिलं काम सुताराचं नाही, घरच्या बाईचं. देव किती, केवढे, ते एका ताम्हणात काढून मोजायचे. खान्देशी घरात साधारण गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, पिंड, शंख, घंटा आणि टाक असतात. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले कुळाचे देव, खंडेराव, भैरोबा, देवी, कुणाकडे घोड्यावरचा वीर. कुलदैवत वणीची सप्तशृंगी असेल, धुळ्याची पांझरेकाठची एकवीरा असेल, यावल तालुक्यातल्या आडगावची मनुदेवी असेल, तिचा फोटो फ्रेमसकट वेगळा. वारकरी घर असेल तर विठ्ठल-रखुमाई आणि मुक्ताई. भाऊ वेगळे झाले की जुने देव बहुतेक थोरल्याकडे राहतात आणि धाकटे सोनाराकडून नवे टाक करून घेतात, म्हणून एकाच घराण्यात चार देव्हारे असले तरी चारांची मापं वेगळी निघतात.

मूर्ती लहान असते याला शास्त्राचाही आधार आहे, मत्स्यपुराणात घरातली प्रतिमा अंगठ्याच्या पेरापासून एक वीतीपर्यंतच असावी, त्याहून मोठी नको असं सांगितलंय. वीत म्हणजे साधारण 9 इंच. त्यामुळे आत 10-11 इंच मोकळी उंची मिळाली की देवांचं भागतं, बाकीची सगळी उंची शिखर, खण आणि बैठकीची असते. रेडिमेड देव्हाऱ्याची गडबड नेमकी इथेच होते. बाहेरून चार फूट दिसतो आणि आत पायऱ्या इतक्या अरुंद की टाक उभेच राहत नाहीत, भिंतीला टेकवावे लागतात. टाकाला मागून आधार लागतो, त्यासाठी पायरीत पाव इंचाची खाच पाडून घ्यावी, पाच मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

लाकूड

पहिली पसंती साग. सातपुड्याच्या रांगेत अक्कलकुवा-तळोद्याकडे, तिकडे नवापूर आणि लागून गुजरातचं डांग, हा सगळा सागाचाच मुलूख, त्यामुळे इथल्या सुताराचा हात सागावरच बसलेला. सागात नैसर्गिक तेल असतं म्हणून वाळवी त्याच्या नादी लागत नाही, पण हे फक्त आतल्या तपकिरी गाभ्याबद्दल खरं. सालीलगतचा पांढरा भाग किड्याला तेवढाच गोड लागतो जेवढं आंब्याचं लाकूड. देव्हाऱ्याखाली पीठ सांडल्यासारखं दिसायला लागलं की समजायचं पांढरं लाकूड लावून वर पॉलिशचा रंग चढवलाय. शिसवाचं लाकूड काळपट, जड, कोरायला जिवावर येतं आणि महाग. शिवण हलकं आणि पटाशीला मऊ म्हणून नक्षीच्या तुकड्यांना चालतं. बाभूळ चिवट पण पीळ खाते, ती बैलगाडीलाच बरी. पिंपळ आणि उंबर कोणी घेत नाही, ते झाडच देवाचं.

पण खरं सांगायचं तर चांगला खान्देशी देव्हारा वखारीच्या लाकडाचा नसतोच, तो पाडलेल्या घराच्या लाकडाचा असतो. धाब्याचं घर पाडलं की खांब, तुळया, चौकटी निघतात, साठ-सत्तर वर्षं छताखाली वाळलेला साग, आता त्याला आणखी काय वाळायचंय. दोन फूट बाय दीड फुटाचा, तीन फूट उंच देव्हारा करायचा तर छाटछूट धरून दीड-दोन घनफूट लाकूड लागतं, म्हणजे एक बऱ्यापैकी खांब आणि एक चौकट पुरते. सुतार मात्र कुरकुरतो, कारण जुन्या लाकडात जुने खिळे असतात, एखादा आत मोडून राहिलेला, आणि मशीनच्या रंध्याचं पातं त्याच्यावर गेलं की पातं गेलं. म्हणून आधी सगळं लाकूड तासून, चुंबक फिरवून, खिळे उपटून घेतात. त्यात अर्धा दिवस जातो आणि त्याची मजुरी वेगळी मागतात, ती द्यावी. नवा साग घ्यायचा असेल तर वखारीचं पक्कं बिल घ्या आणि वाहतूक परवान्याचं (सगळे टीपी म्हणतात) विचारा, स्वस्तात मिळतोय म्हणून रात्रीच्या गाडीतला माल घेऊ नये.

मी स्वतः एकदा फसलोय. पहिल्या भाड्याच्या घरासाठी एका दुकानातून "प्युअर सागवान" म्हणून देव्हारा आणला, दोन पावसाळ्यांत मागच्या फळीचा कोपरा पापडासारखा सुटला, बघतो तर आत प्लाय आणि वर सागाचा कागदाएवढा पापुद्रा. तेव्हापासून मी कुठेही गेलो की आधी फळीची कडा बघतो. खऱ्या लाकडाच्या रेषा वरून वळून कडेवर उतरतात, पापुद्रा असेल तर कडेला पट्टी चिकटवलेली असते.

बांधणी

खाली बैठक, तिच्यात एक-दोन खण (वाती, कापूर, उदबत्ती, आणि घरातल्या सगळ्या हरवलेल्या किल्ल्या), वर दोन किंवा तीन पायऱ्या, चार कोपऱ्यांना खांब, समोर महिरप, वर छज्जा आणि शिखर किंवा घुमट. खांब खरादावर फिरवून काढतात. तापी पुढे सुरतेला जाते, रेल्वेही तिकडेच, त्यामुळे व्यापाराचं आणि सोयरिकीचं येणंजाणं जुनं, आणि इथल्या जुन्या कामात गुजराती वळण दिसतं, कमानीला बारीक पाकळ्या, छज्ज्याखाली मोराच्या आकाराच्या घोड्या, म्हणजे टेकू. गुजरातेत जैन घरांमध्ये घरदेरासर म्हणून लाकडी देऊळ असतं, कोरीव कामात आपला देव्हारा त्याच्यापुढे गरीबच म्हणायचा.

चांगल्या कामात खिळा नसतो. एका लाकडाला भोक पाडायचं, दुसऱ्याची जीभ काढायची, तिला कुसू म्हणतात, ती भोकात ठोकून बसवायची आणि आडवी लाकडाची खुंटी मारायची. याचं कारण नुसतं सोवळं-ओवळं नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो, हवा कोरडी ठक्क, लाकूड आकसतं, आणि जुलैत तेच लाकूड पाणी पिऊन फुगतं. खिळ्याने जखडलेली रुंद फळी मग मधोमध तडकते. म्हणून मागची फळी खाचेत नुसती सरकवून सोडतात, डिंक लावत नाहीत, तिला हलायला जागा ठेवतात. खणाचंही तसंच. आमच्या आजीच्या देव्हाऱ्याचा खण श्रावणात हमखास अडकायचा, ती दोन्ही हातांनी ओढायची, खण एकदम सुटायचा आणि वाती अंगणभर. मग ती खणाच्या दोन्ही कडांवर मेणबत्ती घासायची. अजूनही याच्यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

नक्षी पूर्वी पटाशी आणि लाकडी हातोडीने व्हायची, आता बरीचशी सीएनसी मशीनवर होते. मशीनचं वाईट असं नाही, पण हाताच्या कामाचे पैसे देऊन मशीनचं घेऊ नये. ओळखायची खूण सोपी आहे, मशीनचं पातं गोल फिरतं म्हणून नक्षीचे आतले कोपरे बहुधा किंचित गोल राहतात आणि डावी-उजवी बाजू हुबेहूब सारखी. हाताच्या कामात कोपरा टोकदार लागतो आणि डावीकडचा मोर उजवीकडच्यापेक्षा थोडा तरी जाड असतो.

पॉलिश जुनं म्हणजे चपडी (लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने चढवलेलं. चपडीवर पाणी पडलं की पांढरे डाग पडतात, आणि दमट हवेत लावली तर अख्खं पॉलिशच पांढुरकं पडतं. आता गंमत अशी की देव्हाऱ्याला मागणी श्रावण, गणपती, नवरात्र या दिवसांतच असते आणि तेच दिवस पॉलिशला वाईट. शहाणं गिऱ्हाईक आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीच काम टाकतं. दिवा जिथे ठेवायचा तिथे वर किमान हातभर मोकळी जागा हवी, नाहीतर शिखराच्या आतून कोळसा होतो. पितळी पत्रा मारून घेतला तर चांगलंच. नंदादीप लावणाऱ्यांनी तर समई बाहेर पाटावरच ठेवावी.

कळस असावा की नसावा यावर वाद चालूच असतो. कळस आला की ते देऊळ झालं, मग देवळाचे नियम लागतात, घरी ते झेपत नाहीत, असं म्हणणारे सपाट छज्जा करून घेतात. दुसरे म्हणतात कळसाशिवाय बोडकं दिसतं. दिशेबद्दल ईशान्य कोपरा आणि पूजा करणाऱ्याचं तोंड पूर्वेला एवढं बहुतेक पाळतात, बाकी फ्लॅटमध्ये प्लगचा बोर्ड जिथे असेल ती दिशा.

चौरंग आणि पाट

देव्हारा एकटा कधी करत नाहीत, सोबत चौरंग आणि दोन पाट होतातच, आणि खान्देशात तर ते आधी. कारण इथली सगळ्यात मोठी देवी देव्हाऱ्यात बसतच नाही. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते, नारळाची, तिला नाकडोळे, नथ, दागिने, पातळ. तिला चौरंग लागतो, वर केळीचे खांब, पुढे रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ असं धान्य मोजून ते रोट करतात. रात्रभर गाणी आणि सोमवारी मिरवत नेऊन विसर्जन. भाऊबंद सगळे एका घरी येतात, त्या गर्दीत चौरंगाला धक्के बसणार हे धरूनच त्याचे पाय जाड आणि थोडे बाहेर झुकलेले करतात. नवरात्रात घट बसले की टाक विड्याच्या पानावर येतात आणि नऊ दिवस हलवायचे नाहीत, चंपाषष्ठीला तळी भरायची, तेव्हाही पाट. या सगळ्या मोठ्या दिवसांना देव्हारा मागे उभा असतो आणि काम पाट करतो.

"हाऊ देव्हारा आमना आजाना शे," असं अहिराणीत अभिमानाने सांगणारी घरं अजून आहेत, पण जुना देव्हारा मोडकळीला आला की त्याचं करायचं काय हे कुणालाच नीट ठरवता येत नाही. जाळवत नाही, भंगारात देववत नाही, मग लोक नदीकाठी नाहीतर पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवतात, पावसात भिजत पडलेले असे पाच-सहा देव्हारे कुठल्याही गावात दिसतील. त्यापेक्षा सुताराला द्यावा. आमच्या आजीच्या देव्हाऱ्याचे खांब त्याने नव्याला लावले, मागची फळी आणि बैठक मिळून दोन पाट निघाले. त्यातला एक डुगडुगतो, दरवर्षी कानबाईच्या दिवशी त्याच्या एका कोपऱ्याखाली कागदाची घडी सरकवावी लागते.