जुन्या ट्रकच्या डायनामोतले प्लस-मायनस ठरते कुठे?

जुना ट्रक मूळ रूपात उभा करण्याचा ध्यास घेतलेल्यांमध्ये एक समज पक्का असतो, तो म्हणजे कंपनीची वायरिंगची आकृती हाती आली, की पुढचे काम रंगाला रंग जोडण्याचेच. हा समज दोन ठिकाणी फसतो. समोर उभा असलेला ट्रक आकृतीतलाच असेल याची खात्री नसते, हे पहिले ठिकाण. दुसरे असे की, एकूण एक तार आकृतीबरहुकूम जोडली तरी डायनामोविषयीची एक महत्त्वाची गोष्ट तिच्यात सापडत नाही, कारण ती तारांत नसून लोखंडात असते.

ओळख पटवण्याचे काम चासी क्रमांक, डेटा प्लेट आणि इंजिन ब्लॉकवरचे ओतीव क्रमांक यांपासून सुरू होते. साठ-सत्तर वर्षांत केबिन एका ट्रकची, इंजिन दुसऱ्याचे आणि डायनामो तिसऱ्याचा असा संसार जमलेला असतो, त्यामुळे तिन्ही ठिकाणचे आकडे जुळतात का, हे आधी पाहावे. विजेच्या दृष्टीने मात्र खरे प्रश्न दोनच आहेत. यंत्रणा 6 व्होल्टची की 12 व्होल्टची, आणि बॅटरीचे कोणते टोक चासीला जोडलेले आहे? अमेरिकी फोर्डमध्ये 1955 पर्यंत 6 व्होल्ट आणि प्लस अर्थ (म्हणजे बॅटरीचे प्लस टोक चासीला) अशी पद्धत होती, तर 1956 पासून 12 व्होल्ट आणि मायनस अर्थ आले. शेव्हरोलेच्या 6 व्होल्टच्या ट्रकमध्ये मात्र आधीपासूनच मायनस अर्थ होते. म्हणजे ट्रकचे साल आणि बनावट ओळखण्यात चूक झाली, तर पुढचे सारे वायरिंग उलटे होण्याची पाळी येते.

कागदपत्रे गहाळ असतील तर ट्रकच बोलका होतो. बॅटरीचे प्लस टोक मायनसपेक्षा सुमारे दीड मिलिमीटर जाड असते, म्हणून चासीकडे जाणाऱ्या पट्टीचा क्लॅम्प मोठ्या भोकाचा असेल, तर तो ट्रक बहुधा प्लस अर्थचा समजावा. अर्थात कोणी तो पान्ह्याने फाकवलेला नाही ना, हे निरखून घ्यावे. जुन्या तारांवरचे सुती विणकाम तेलामातीने एकसारखे काळे पडलेले असते, पण चासीवरची एखादी क्लिप उलगडली, तर तिच्याखाली दबलेल्या बोटभर भागात मूळ रंग आणि त्यातला वेगळ्या रंगाचा धागा स्पष्ट दिसतो. जुने वायरिंग एका झटक्यात कापून फेकू नये, ते याचसाठी.

आता लोखंडाकडे वळू. डायनामोत कायमचा चुंबक नसतो. बाहेरच्या कवचाला आतून लोखंडी पोल शू बसवलेले असतात, त्यांच्याभोवती फील्ड कॉइल असते आणि मधोमध पट्ट्यावर फिरणारे आर्मेचर (तारा गुंडाळलेला गाभा) असते. आर्मेचरमध्ये वीज निर्माण व्हायला चुंबकीय क्षेत्र हवे, ते क्षेत्र फील्ड कॉइलमधून विद्युतधारा वाहिल्यावर तयार होते, आणि ती धारा पुरवायची कोणी, तर आर्मेचरनेच. हा पेच लोखंडाच्या एका खोडीमुळे सुटतो. लोखंडात असंख्य सूक्ष्म क्षेत्रे असतात आणि त्यांतले प्रत्येक क्षेत्र स्वतःपुरते चुंबक असते. कॉइलमधून धारा वाहत असताना ती बहुतांशी एका दिशेला वळतात, धारा थांबल्यावर त्यांतली बरीचशी विस्कटतात, पण थोडी वळलेलीच राहतात. या शिल्लक चुंबकत्वाला अवशिष्ट चुंबकत्व म्हणतात. इंजिन सुरू झाले, की त्या क्षीण क्षेत्रात फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये जेमतेम एखाद-दुसरा व्होल्ट तयार होतो. तो फील्ड कॉइलमधून थोडी धारा ढकलतो, त्याने क्षेत्र वाढते, क्षेत्र वाढल्याने व्होल्टेज वाढते आणि त्यामुळे धारा आणखी वाढते. व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर आवर घालीपर्यंत ही चढण चालू राहते. वेर्नर सीमेन्स आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी हे तत्त्व 1867 मध्ये स्वतंत्रपणे मांडले. हंगेरीच्या आन्योश येडलिक यांना ते त्याआधीच उमगले होते.

यातली मेख अशी की, क्षेत्र ज्या दिशेने शिल्लक होते त्याच दिशेने ते वाढत जाते. अवशिष्ट चुंबकत्वाची दिशा उलटी असेल, तर डायनामो तितक्याच जोमाने चालतो, आर्मेचर त्याच बाजूला फिरते, तारांचे रंगही तेच राहतात. फक्त प्लसच्या जागी मायनस येते. दुसऱ्या ट्रकमधून काढलेला डायनामो प्लस अर्थच्या ट्रकवर चढवला आणि त्याच्या लोखंडात मायनस अर्थची दिशा शिल्लक असली, तर पुढची गडबड कटआउटमध्ये, म्हणजे डायनामो बॅटरीला आपोआप जोडणाऱ्या स्विचमध्ये, होते. कटआउटची कॉइल व्होल्टेज पुरेसे झाले एवढेच जाणते, त्याची दिशा नव्हे. त्या स्विचचे पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकणारी धातूची टोके, मिटतात आणि बॅटरीचे 6 व डायनामोचे 7 व्होल्ट एकमेकांच्या विरोधात न राहता एकत्र येऊन तुटपुंज्या रोधातून प्रचंड धारा वाहू लागते. पॉइंट वितळून चिकटतात.

उपाय क्षणभराचा आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वी बॅटरीची धारा फील्ड कॉइलमधून योग्य दिशेने निमिषभर सोडली, की सूक्ष्म क्षेत्रे नव्या दिशेला वळतात. ही जोडणी कोणत्या टोकांवर करायची, हे फील्ड कॉइलचे दुसरे टोक डायनामोच्या आत अर्थ केले आहे की रेग्युलेटरमधून, यावर अवलंबून असते. ते न पाहता ठिणगी पाडणाऱ्याचा रेग्युलेटर जळतो.

प्लस अर्थ केल्याने ट्रकचा पत्रा गंजत नाही, अशी एक श्रद्धा जुन्या गाड्यांच्या वर्तुळात आजही नांदते. विजेने गंज रोखण्याची पद्धत जहाजांवर आणि जमिनीखालील नळांवर खरोखर वापरतात, पण तिथे धातू पाण्यात किंवा ओल्या मातीत असतो आणि शेजारी दुसरे विद्युत टोक असते. हवेत उभ्या असलेल्या केबिनला तो परिपथच उपलब्ध नाही, मग बॅटरीचे कोणतेही टोक जोडा.

तारांच्या जाडीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे ओहमचा नियम पुरतो. 45 वॉटचे दोन हेडलाइट 6 व्होल्टवर 15 अँपिअर धारा घेतात, 12 व्होल्टवर याच्या निम्मी. हल्लीच्या गाड्यांच्या सवयीने 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार 3 मीटर ओढली, तर तिचा रोध सुमारे 0.05 ओहम होतो आणि 6 व्होल्टच्या ट्रकमध्ये वाटेतच पाऊण व्होल्ट खर्ची पडतो. तापणाऱ्या तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घातांकाने बदलतो, त्यामुळे एक तृतीयांशाहून जास्त प्रकाश हरपतो. परतीची वाट चासीतून असल्याने नव्या रंगाचा जाड थरही हेच नुकसान करतो. दिवे लावून बॅटरीचे अर्थ टोक आणि दिव्याचे धातूचे कवच यांच्यामध्ये मल्टीमीटर धरावा, आणि तिथे अर्धा व्होल्ट दिसला, तर बोल्टखालचा रंग खरवडून उघडा धातू काढावा.