समुद्रबूड जमिनीतलं गोठण: नकाशामागची गोष्ट

आपल्या नागपूरच्या झिरो माईलला १९०७ सालचा दगड आहे. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलीय: १०२०.१७१ फूट. पण ही सपाटी कायमची नसते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होता. सैबेरियाच्या उत्तरेला आज जिथे उथळ लाप्तेव्ह समुद्र आहे, तिथला बराच भाग तेव्हा उघडी जमीन होता, थंडीनं शेकडो मीटर खोल गोठलेली. पुढे बर्फ वितळलं, पाणी चढलं. भूगोलाच्या पुस्तकातला ‘समुद्रबूड जमीन’ हा शब्द तिथे अक्षरशः खरा आहे.

बुडून हजारो वर्षं झाली, तरी ती गोठलेली कशी? नवतपात रात्री अकराला घराच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघा. सूर्य कधीचा मावळला, भिंत मात्र तापलेलीच. दुपारचं ऊन आत्ता कुठे आत पोचतंय. जमिनीतही उष्णता अशीच रेंगाळते, आणि शेकडो मीटरला हजारो वर्षं लागतात. त्यात तिथलं तळाचं पाणीही बरेचदा शून्याखालीच असतं. मिठामुळे ते गोठत नाही.

याच मिठानं या गोठलेल्या तळाचा नकाशा काढण्याचं काम अवघड केलंय. सलग दोन वर्षं शून्य अंशावर किंवा त्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. बर्फ हवाच असं नाही. खारा गाळ उणे एक अंशालाही मऊ राहू शकतो.

शोधाला जोर आला तो तेलामुळे. १९६८ मध्ये अलास्कात प्रुडो बेला तेल सापडलं, आणि १९७० च्या दशकात अलास्का-कॅनडाच्या उत्तरेच्या ब्यूफोर्ट समुद्रात तेलविहिरी पडू लागल्या. गोठलेल्या गाळातून ध्वनिलहरी कितीतरी वेगानं जातात, म्हणून तेल शोधायला केलेली ध्वनिलहरींची मोजणी इथेही उपयोगी पडली. पुढे विजेचीही मदत झाली: बर्फ वीज अडवतो, खारा चिखल जाऊ देतो.

पर्माफ्रॉस्टच्या १९९७ च्या आंतरराष्ट्रीय नकाशात एका सेंटिमीटरमध्ये १०० किलोमीटर मावत होते. २०१९ मध्ये संशोधक पॉल ओव्हरडुइन आणि सहकाऱ्यांनी जुन्या समुद्रपातळीचा इतिहासच संगणकात घालून आर्क्टिकच्या समुद्राखालच्या पर्माफ्रॉस्टचा नकाशा काढला: सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आठ महाराष्ट्र! मला हे काम फार मोलाचं वाटतं, पण तो हिशेब आहे. पडताळायला विहिरी फारच थोड्या.

ब्यूफोर्टच्या एका पट्ट्याची २०१० ते २०१९ दरम्यान पुन्हापुन्हा मोजणी झाली. तळाला नवे खड्डे पडलेले दिसले. सर्वांत मोठा २२५ मीटर लांब, ९५ रुंद, २८ खोल. संशोधकांच्या मते त्यामागे हल्लीची तापमानवाढ नाही, तर हिमयुग संपल्यापासून आत झिरपत आलेली ऊब आहे.