बेलवलकरांना मुलांनी हाकललं नव्हतं

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की कुणीतरी ‘नटसम्राट’ काढतंच. पोटच्या मुलांनी आईबापाला घराबाहेर काढलं, म्हणून म्हातारा ‘कुणी घर देता का घर’ म्हणत फिरला, असं सर्रास सांगितलं जातं. फॉरवर्डमध्ये ते खपून जातं, पण वि. वा. शिरवाडकरांच्या नाटकात तसं नाही.

नाटकातले निवृत्त नट गणपतराव बेलवलकर सुरुवातीलाच होतं नव्हतं ते मुलांत वाटून मोकळे होतात, तेही आपणहून. मग मुलाच्या, नंदाच्या घरी खटके उडतात, मुलीच्या घरी तर चोरीचा आळ येतो. दोन्हीकडून नवरा-बायको स्वतःच्या पायांनी बाहेर पडतात. कावेरी मानी बाई, अपमान गिळून राहणं तिला जमणारं नाही. यात मुलं निर्दोष ठरत नाहीत, चोरीचा आळ तर अक्षम्यच. पण सगळं खापर त्यांच्यावर फोडलं की निम्मं नाटक हातातून सुटतं.

कारण गणपतरावांना निवृत्त होताच येत नाही. दिवाणखान्यातही आवाज रंगमंचाचाच. ‘मी आहे...’ हे गाजलेलं स्वगत नीट ऐका: ज्युलियस सीझर, ऑथेल्लो, हॅम्लेट, ‘एकच प्याला’तला सुधाकर, शेवटी गणपत रामचंद्र बेलवलकर, नटसम्राट. या यादीत ‘नंदाचा बाप’ कुठेच नाही!

डॉ. श्रीराम लागूंनी 1970 साली ही भूमिका पहिल्यांदा उभी केली. अखेरीस मुलं शोधत येतात, तेव्हाही हा माणूस त्यांच्याबरोबर परत जात नाही.