ग्रंथी काढली, धाकधूक उरली

रात्री तीनला अचानक जाग येते. छाती धडधडत असते, तळहातांना घाम सुटलेला असतो आणि घाबरावं असं काहीच घडलेलं नसतं. बोटं आपोआप मनगटावर जातात, ठोके मोजू लागतात. मोजता मोजता ते आणखी वाढतात. थायरॉईड ग्रंथी काढलेल्या किंवा ती निकामी झालेल्या अनेकांच्या ही रात्र ओळखीची आहे. 'रोज गोळी घेतेस ना, मग आता कसली काळजी?' हा प्रश्नही तितकाच ओळखीचा.

गळ्याच्या पुढच्या बाजूला बसलेली ही ग्रंथी जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमची. ती पूर्ण काढलेले रुग्ण पुढे सुस्त होतात, सुजतात, त्यांची बुद्धी मंदावते, हे स्विस सर्जन थिओडोर कोखर यांनी १८८३ साली नोंदवलं. १८९१ मध्ये ब्रिटिश डॉक्टर जॉर्ज मरे यांनी अशीच लक्षणं असलेल्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. त्या पुढे २८ वर्षं जगल्या. आज त्या अर्काच्या जागी ग्रंथीतल्याच थायरॉक्सिन या हार्मोनची छोटीशी गोळी आली आहे. हिशेब करून पाहा: रोज १०० मायक्रोग्रॅम घेणाऱ्याला एक ग्रॅम औषध २७ वर्षं पुरेल! इतक्या सूक्ष्म मात्रेत थोडा फरक पडला तरी शरीराला तो जाणवतो.

मात्रा जास्त झाली की हृदय ॲड्रेनालिनला, म्हणजे घाबरल्यावर सुटणाऱ्या हार्मोनला, जास्त दाद देऊ लागतं. दार आपटल्याचा आवाजही मग छातीत घुमतो. मेंदू शरीरावर सतत कान ठेवून असतो. ठोके वाढले की तो संकट शोधू लागतो आणि सापडलं नाही तर कल्पनेने उभं करतो. मात्रा कमी पडली तरीही बेचैनी येऊ शकते, हे मात्र फार कमी जणांना सांगितलं जातं. कॅन्सरसाठी ऑपरेशन झालेल्या काही रुग्णांना डॉक्टर मुद्दाम थोडी जास्त मात्रा देतात. आपल्या बाबतीत तसं आहे का, हे विचारून घ्यावं.

सगळ्यात अवघड असतं ते वाट पाहणं. गोळीतल्या हार्मोनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. म्हणून डोस बदलल्यावर नवी पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात, आणि टीएसएचची (थायरॉईडला चालना देणाऱ्या हार्मोनची) तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. चौथ्या दिवशी 'काहीच फरक नाही' म्हणून स्वतःच डोस कमी-जास्त केला, तर शरीराला स्थिर व्हायला वेळच मिळत नाही.

रिपोर्टही कधी चकवतो. केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वामुळे काही तपासण्यांमध्ये हार्मोन खोटंच वाढलेलं दिसतं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉईडच्या गोळीला आतड्यात अडवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू केल्यावर गरज वाढते. पाळी जाण्याच्या काळातल्या वाफा, घाम, धडधड तर जास्त डोसच्या लक्षणांशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की फरक रक्ताच्या तपासणीतच कळतो.

ग्रंथीच्या मागे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. ऑपरेशनमध्ये त्या दुखावल्या की कॅल्शियम घसरतं: ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात आणि जीव घाबरा होतो. घाबरून भराभर श्वास घेतल्यानेही अशाच मुंग्या येतात. त्यामुळे ऑपरेशननंतर मुंग्या आल्या, तर 'टेन्शनमुळे असेल' म्हणून सोडून देऊ नये. हातापायांत पेटके येत असतील तर तातडीने दवाखाना गाठावा. छातीत दुखणं, दम लागणं, ठोके अनियमित होणं, यांनाही हाच नियम.

आणि सगळे आकडे नॉर्मल आले तरी धाकधूक राहिली तर? ती खरीच असते. महिनोन्‌महिने धडधडीत काढलेल्या मनाला भीतीची सवय लागलेली असते. समुपदेशन, विशेषतः विचार आणि वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती, आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञांची औषधं यांचा चांगला उपयोग होतो. ती मदत मागताना संकोचायचं काहीच कारण नाही.

एक वही मात्र जरूर ठेवावी. गोळीची वेळ, झोप, पाळीची तारीख, धडधड कधी आणि किती वेळ होती, सकाळी उठल्यावर पूर्ण एक मिनिट मोजलेली नाडी. डॉक्टरांसमोर बसल्यावर सहा आठवडे आठवत नाहीत; आठवते ती फक्त कालची रात्र.