रोडगा आणि बट्टी: पाटीवर एक, ताटात दुसरंच

वऱ्हाडातल्या एखाद्या ढाब्याबद्दल चार जणांना विचारा. एक सांगेल, 'रोडगे लय कडक, दात हलले.' दुसरा म्हणेल, 'मस्त खुसखुशीत होते भाऊ, तेलकट जरा.' तिसऱ्याला धुराचा वास आला म्हणून राग, चौथ्याला धुराचा वासच नव्हता म्हणून राग. यातले काही जण रोडगे, म्हणजे निखाऱ्यात भाजलेले गव्हाचे गोळे, जेवून आलेले असतात आणि काही उकडून तळलेली बट्टी. पाटीवर दोन्ही नावं एकाच ओळीत असतात, वाढणारा पोरगा तयार असेल ते आणून ठेवतो, आणि मग बट्टीच्या मापाने रोडगा मोजला जातो. खरं तर बाहेरून खुसखुशीत आणि तेलकट लागला तर तो रोडगा नव्हेच. आणि बट्टीला धुराचा वास यायचं काही कारणच नाही.

दोन्हींची सुरुवात जवळपास सारखी असते: जाडसर दळलेला गहू, मीठ, ओवा, तेलाचं मोहन, घट्ट गोळा. फाटा फुटतो तो शिजवताना. रोडगा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात आणि राखेत कोरड्या आचेवर भाजतात. बट्टी आधी पाण्यात उकळतात किंवा वाफेवर शिजवतात, मग कापून तळतात. राजस्थानी बाटी हा तिसरा प्रकार. ती भाजतात आणि तुपात बुडवतात. शहरातल्या हॉटेलांत बहुतेक वेळा तीच मिळते, तिला इथे बाजूला ठेवू.

कुठे काय मिळेल याचा साधारण अंदाज रस्त्यावरून येतो. राष्ट्रीय महामार्ग 53 जळगावकडून मलकापूर, नांदुरा, खामगाव, अकोला, अमरावती असा नागपूरकडे जातो. खानदेशाला लागून असलेल्या मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद भागात वरण-बट्टीचा जोर. अमरावती, यवतमाळ, वर्ध्याकडे सरकलं की रोडगे. मधल्या पट्ट्यात दोन्ही चालतात, आणि घोळही तिथेच जास्त होतो.

आधी रोडगा, कारण बिघडण्याच्या जागा त्यातच जास्त.

चक्कीवर 'रोडग्याचं पीठ' म्हणून सांगायचं, म्हणजे ते रवाळ दळून मिळतं. पोळीच्या बारीक पिठाचा रोडगा आतून चिकट राहतो. बारीक कणीक घट्ट बांधली जाते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. घरात पोळीचंच पीठ असेल तर पाऊण किलोत पाव किलो जाड रवा मिसळावा. बन्सी गहू मिळाला तर उत्तमच. त्याचा दाणा कडक, दळल्यावर आपसूक रवाळ उतरतो.

एक किलो पिठाला 100 ते 125 मिली कोमट तेल, दोन लहान चमचे मीठ, दोन चमचे हातावर चोळलेला ओवा. मोहन चोळल्यावर पिठाची मूठ वळली पाहिजे. मग 400 ते 450 मिली पाणी, तेही थोडं थोडं. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा बराच घट्ट हवा. अर्धा तास झाकून ठेवायचा, कारण रवाळ पीठ पाणी सावकाश ओढतं. लगेच वळायला घेतलं तर कडा चिरतात. सोडा घालायची गरज नाही.

खरी कारागिरी वळण्यात आहे. एका रोडग्यासाठी लहान, मध्यम, मोठी अशा तीन पाऱ्या लाटायच्या. मोठीवर तेलाचं बोट फिरवून मधली, तिच्यावर तेल लावून लहान, आणि मोठीच्या कडा वर ओढून तोंड बंद. तेल कडेपर्यंत जाऊ द्यायचं नाही, नाहीतर तोंड चिकटत नाही, भाजताना उघडतं आणि राख आत शिरते. राखेची कचकच लागली की लोक भाजणाऱ्याला दोष देतात, पण बहुतेकदा चूक वळणाऱ्याची असते. एक किलो पिठाचे साधारण बारा-तेरा रोडगे होतात, लहान संत्र्याएवढे. जेवणाऱ्या माणसाला दोन ते तीन पुरतात.

आता आर, म्हणजे निखारा. गोवऱ्या कडकडीत वाळलेल्या हव्यात. मोडताना 'कट' असा आवाज आला पाहिजे. पावसाळ्यात सादळलेल्या गोवऱ्या धुमसत राहतात आणि तो कडवट धूर रोडग्याच्या सालीत बसतो. पेटवायला तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या घ्याव्यात, रॉकेल नको. रॉकेलचा वास शेवटपर्यंत जात नाही. गोवऱ्या रचून पेटवायच्या आणि मग थांबायचं. ज्वाळा आणि धूर दोन्ही संपून लाल निखारा पडेपर्यंत रोडगा जवळ न्यायचा नाही. घाई इथेच होते. ज्वाळेवर ठेवलेला रोडगा पाच मिनिटांत काळा होतो, साल कडक होते आणि आतलं पीठ कच्चं राहतं. एकाच ताटात 'करपला' आणि 'कच्चा' अशा दोन्ही तक्रारी का येतात, त्याचं उत्तर हे.

निखाऱ्यावर रोडगे मांडून चिमट्याने सतत फिरवायचे, दहा-पंधरा मिनिटांत सगळीकडून साल धरते. मग निखारे पसरून रोडगे गरम राखेत पुरायचे आणि वरून थोडा निखारा ओढायचा. अर्धा ते पाऊण तास. गोवरीची आच मंद आणि बराच वेळ टिकणारी असते, म्हणून एवढा जाड गोळा मधोमध शिजतो. बाभळीच्या कोळशावर हेच केलं तर साल जळते, कारण आच फार तेज. वारा असेल तर वाऱ्याकडची बाजू आधी करपते, मधेच जागा बदलावी लागते. बाहेर काढल्यावर रोडगे गोणपाटात घेऊन हलवले की राख झडते. हलक्या मुठीने दाबला आणि चिरून वाफ निघाली तर झाला. दबून पुन्हा वर आला तर आत कच्चा आहे, परत राखेत.

बट्टीचं काम त्यामानाने सरळ. चार वाट्या जाड गव्हाच्या पिठाला एक वाटी मक्याचं पीठ, ओवा, जिरं, हळद, मीठ, चिमूटभर सोडा, मोहन. मुठीएवढे लांबट मुटके करून उकळत्या पाण्यात सोडायचे किंवा चाळणीत वाफवायचे, वीस ते पंचवीस मिनिटं. पाण्यात सोडलेले मुटके आधी तळाला बसतात, शिजत आले की वर येतात. सुरी घातली तर कोरडी निघाली पाहिजे. पूर्ण गार झाल्यावरच कापायचं. गरम कापले तर कडा चुरतात आणि तळताना तेलात चुरा होतो. मध्यम आचेवर सोनेरी होईतो तळायचं. तेल थंड असेल तर बट्टी तेल पिते. 'तेलकट' ही तक्रार बट्टीच्या बाबतीत रास्त आहे.

म्हणजे ढाब्यावर ओळखायचं कसं? सर्वांत सोपी खूण वेळेची. बट्टी सकाळी उकडून ठेवता येते आणि ऑर्डर आली की दहा मिनिटांत तळून मिळते. रोडग्याला गोवऱ्या पेटवण्यापासून ताटात पडेपर्यंत दीड-दोन तास लागतात. त्यामुळे न सांगता पंधरा मिनिटांत रोडगे आले तर ते दुपारचे गरम केलेले तरी आहेत, नाहीतर तंदूरच्या भट्टीतले. आधी फोन करून माणसं किती हे विचारणाऱ्या ढाब्यावर जास्त भरवसा ठेवावा. बसण्याआधी एवढंच विचारायचं: 'भाऊ, रोडगे गोवरीतले हायेत का तंदूरातले?' उत्तराला वेळ लागला तर बट्टी सांगावी. तीही वाईट नसते.

ताटात आल्यावर फोडून बघावं. गोवरीतल्या रोडग्याची साल सारखी तपकिरी नसते. निखारा टेकला तिथे गडद चट्टे, बाकी फिकट, कुठे राखेची करडी छटा. आत पदर सुटे दिसतात. तंदूरातला सगळीकडून एकसारखा रंगलेला असतो, आणि बिनपदराचा असेल तर आत नुसता भुगा. बट्टीला सुरीने कापलेल्या सपाट बाजू असतात आणि आतला भाग पिवळसर, घट्ट.

तुपाचाही हिशोब वेगळा. रोडग्यात तूप फोडल्यानंतर पडतं, एकाला निदान एक मोठा चमचा, आणि ते आतल्या पदरांत जिरतं. म्हणून कोरडा रोडगा कडक लागतो. 'कडक' म्हणणाऱ्या बऱ्याच लोकांना तूप कमी वाढलेलं असतं, किंवा त्यांनी रोडगा न कुस्करता पोळीसारखा तोडून खाल्लेला असतो. तूप म्हणून डालडा आलाय का हे जेवल्यावर कळतं. डालड्याचा टाळूला चिकटपणा राहतो.

सोबतच्या भाजीतही गल्लत होते. रोडग्याबरोबर तर्रीची, लसणाची वांग्याची भाजी, बऱ्याच ठिकाणी आलू-वांगं. बट्टीबरोबर हिरवी मिरची घालून घोटलेली वांगी, साधं वरण आणि लिंबू. तळलेल्या बट्टीवर पुन्हा तर्री घेतली की जेवण जड होतं, आणि मग पोट फुगल्याचं खापर ढाब्यावर. वरण दोन्हींसाठी तुरीचंच, पण रोडग्यासाठी जरा पातळ आणि जास्त हवं, रवाळ पीठ ते भराभर ओढून घेतं. घट्ट वरण वाढणारा ढाबा रोडग्यात पक्का नाही असं खुशाल समजावं.

रोडगे उरले तर बांधून घ्यावेत. दुसऱ्या दिवशी कुस्करून कांद्या-मिरचीची फोडणी द्यावी, किंवा गूळ-तूप घालून चुरमा करावा. बट्टी मात्र तिथेच संपवावी. गार झाली की चिवट होते, आणि पुन्हा तळली तर आणखी तेल पिते.