फळा की कार्यशाळा: अभियांत्रिकी अभ्यासक्रमाच्या वादामागचा इतिहास

अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम बदलायचा म्हटलं की बैठकीत पहिला वाद पेटतो तो विषयांचा. कोणता घ्यायचा, कोणता गाळायचा, कोणाचे तास कापायचे. गणितवाल्यांना आणखी एक सत्र हवं असतं, उद्योगातून आलेल्या सदस्यांना हाताने काम करता येणारी मुलं हवी असतात, आणि दोघांचंही काही चुकत नसतं. हा वाद सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. त्यामानाने ‘समोर बसलेला विद्यार्थी हे शिकतो कसं’ हा प्रश्न फार उशिरा, साधारण १९८० नंतर, पुराव्यानिशी विचारला गेला. सुधारणेची आजची भाषा, म्हणजे आऊटकम (शिकून शेवटी काय करता येतं ते), प्रोजेक्ट, अ‍ॅक्टिव्ह लर्निंग (नुसतं न ऐकता स्वतः करत शिकणं) वगैरे, कुठून आली हे कळायला हा क्रम ध्यानात घ्यावा लागतो.

पॅरिसमध्ये १७४७ साली रस्ते-पुलांच्या अभियंत्यांसाठी शाळा निघाली, तेव्हा तिथे नेमलेले प्राध्यापकच नव्हते. पुढे गेलेले विद्यार्थी मागच्यांना शिकवत आणि उरलेला वेळ चालू बांधकामांवर जाई. १७९४ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत एकोल पॉलिटेक्निक उभी राहिली आणि घडी बदलली. गणितज्ञ गास्पार मॉन्ज हा तिच्या संस्थापकांपैकी एक. त्याची वर्णनात्मक भूमिती, म्हणजे त्रिमितीय वस्तू कागदावर अचूक उतरवण्याचं शास्त्र, हा सुरुवातीच्या अभ्यासक्रमाचा कणा होता. आधी गणित, भौतिकी, रसायन पक्कं करायचं आणि मग पूल, खाणी किंवा तोफखान्याच्या वेगळ्या शाळेत जाऊन त्याचा उपयोग शिकायचा, अशी रचना. थोड्याच वर्षांत लाप्लास या गणितज्ञाच्या प्रभावाखाली भूमिती मागे पडली आणि गणिती विश्लेषण वर आलं. राज्याला मोजके अधिकारी निवडायचे होते, तेव्हा गणित हे ज्ञानही होतं आणि चाळणीही. ‘आधी विज्ञान, मग उपयोग’ ही उतरंड पुढे जगभर गेली. पहिल्या वर्षाच्या मुलाला आपल्या शाखेचं यंत्र वर्षभर दिसत नाही, त्याचं मूळ इथवर जातं.

ब्रिटनमध्ये याच्या उलट. नामांकित अभियंत्याच्या हाताखाली पैसे भरून उमेदवारी करायची, हाच राजमार्ग. ग्लासगो विद्यापीठात १८४० साली अभियांत्रिकीचं अध्यासन झालं खरं, पण पदवीपेक्षा उमेदवारीला मान होता. या दोन टोकांचा मेळ घालायचा एक नेटका प्रयत्न युरोपबाहेर झाला. ग्लासगोत शिकलेल्या हेन्री डायरने १८७३ मध्ये टोकियोतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी सहा वर्षांचा आराखडा केला: दोन वर्षं मूलभूत विज्ञान, दोन वर्षं आपल्या शाखेचे विषय, दोन वर्षं प्रत्यक्ष काम. मायदेशी ज्याला सहजासहजी जागा मिळाली नसती, ते परक्या देशात कोऱ्या कागदावर आखता आलं.

अमेरिकेत १८२४ साली रेन्सेलर स्कूल निघालं. तिथल्या एमॉस ईटनने शिक्षकाने बोलायचं आणि मुलांनी ऐकायचं हा प्रकारच उलटा केला. विद्यार्थ्याने प्रयोग मांडायचा, व्याख्यान त्यानेच द्यायचं, शिक्षकाने आणि सोबत्यांनी प्रश्न विचारायचे. परिषदांमध्ये आज ‘नवी’ म्हणून सादर होणारी पद्धत दोनशे वर्षांपूर्वी राबवून झाली होती, हे जरा खट्याळपणे सांगायला हरकत नाही. ती टिकली मात्र नाही. शतकाच्या मध्याला त्याच संस्थेची पुनर्रचना फ्रेंच धर्तीवर झाली.

कार्यशाळेच्या बाजूने आलेली सर्वांत कल्पक गोष्ट मॉस्कोची. तिथल्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर डेला-व्होस याने १८६८ च्या सुमारास सुतारकाम, लोहारकाम, कातकाम यांची छोट्या छोट्या क्रियांमध्ये फोड केली आणि त्या सोप्याकडून अवघडाकडे लावल्या. विद्यार्थ्याने विकाऊ वस्तू बनवायची नाही, एकेका क्रियेचा नमुना बनवून दाखवायचा. कारागिराच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबून जे अंगवळणी पडे, ते ठरावीक तासांत, एकाच वेळी अनेकांना शिकवता येऊ लागलं. १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनात हे नमुने मांडले गेले. एमआयटीचे अध्यक्ष जॉन रंकल ते पाहून इतके भारावले की परतताच त्यांनी आपल्याकडे तशी कार्यशाळा सुरू केली. विषयांच्या यादीपलीकडे जाऊन कौशल्याची फोड, क्रम आणि तपासणी यांचा एकत्र विचार केलेला आराखडा म्हणून मला तरी हा फार महत्त्वाचा वाटतो. पुढे अनेक ठिकाणी त्याचा गाभा हरवला आणि कानस घेऊन चौकोनी तुकडा घासत बसणं तेवढं उरलं, तो भाग वेगळा.

१८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने जमलेल्या प्राध्यापकांनी अभियांत्रिकी शिक्षणाच्या प्रसारासाठी एक संस्था काढली. आजची अमेरिकन सोसायटी फॉर इंजिनिअरिंग एज्युकेशन ती हीच. १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडरने काही काळ वर्गात, काही काळ कारखान्यात अशी को-ऑप पद्धत सुरू केली. आणि १९१८ मध्ये कार्नेगी फाउंडेशनसाठी चार्ल्स मॅन या भौतिकीच्या माणसाने पहिला मोठा अहवाल लिहिला. चांगल्या अभियंत्याला काय लागतं, असं त्याने अभियंत्यांनाच विचारलं होतं. त्यांनी लावलेल्या क्रमात चारित्र्य पहिलं, त्यानंतर निर्णयबुद्धी, कार्यक्षमता, माणसांची जाण, मग मूलभूत ज्ञान आणि सगळ्यात शेवटी तंत्र. एकाच वेळी फार विषय कोंबले जातात, अशी तक्रारही त्या अहवालात होतीच. ‘सॉफ्ट स्किल्स’ची आजची हाकाटी ऐकताना ही यादी आठवते.

तरीही अभियांत्रिकी शिक्षण १९४० पर्यंत बरंचसं आरेखन, कार्यशाळा आणि हँडबुकातली सूत्रं यांच्यावर चालत होतं. दुसऱ्या महायुद्धाने ते हादरलं. रडारसारख्या कामांत भौतिकीचे लोक पुढे होते. नवं काही शोधायची वेळ आली तेव्हा अभियंत्यांचं गणित आणि विज्ञान तोकडं पडतं, असा बोध अनेकांनी घेतला. युद्धानंतर संशोधनासाठी सरकारी पैसा विद्यापीठांत आला आणि त्याबरोबर प्राध्यापक निवडण्याचे निकषही बदलले.

या वातावरणात १९५५ साली अमेरिकेतल्या त्याच सोसायटीने नेमलेल्या ग्रिंटर समितीचा अहवाल आला. आजच्या अभ्यासक्रमांवर सर्वांत खोल ठसा त्याचाच. घन पदार्थांचं यांत्रिकी, द्रवयांत्रिकी, ऊष्मागतिकी, उष्णता-वस्तुमानाचं वहन, विद्युत सिद्धान्त आणि पदार्थांचे गुणधर्म ही सहा ‘अभियांत्रिकी विज्ञानं’ त्याने मध्यभागी ठेवली. कुठल्याही महाविद्यालयाचं दुसऱ्या वर्षाचं वेळापत्रक उघडून पाहा, ही नावं थोड्याफार फरकाने भेटतातच. या अहवालाच्या आधीच्या मसुद्यात मात्र आणखी एक सूचना होती: दोन वेगळ्या वाटा ठेवाव्यात, एक संशोधनाकडे झुकणारी आणि दुसरी नेहमीच्या व्यावसायिक कामाकडे. त्यावर संस्थांमधून एवढा गहजब झाला की अंतिम अहवालातून ती गेली. दुसरी वाट म्हणजे दुय्यम दर्जा, असं सगळ्यांना वाटलं असावं. परिणाम असा झाला की विज्ञानाधिष्ठित वाटच सर्वांची वाट झाली. त्याच अहवालात डिझाइन, मानव्यविद्या आणि लेखन-संभाषण यांवरही भर होता. पण १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह उडाला, अमेरिकेला मागे पडल्याची धास्ती वाटली आणि अहवालातली विज्ञानाची बाजू तेवढी सगळ्यांनी उचलली.

या काळात आलेल्या नव्या प्राध्यापकांकडे डॉक्टरेट होती, शोधनिबंध होते. कारखान्याचा अनुभव असलेले जुने लोक निवृत्त होत गेले. आरेखनाचे तास आटले, कार्यशाळा नावापुरती राहिली. ज्याने स्वतः कधी यंत्र घडवलेलं नाही, तो डिझाइन शिकवणार कसं? त्यामुळे डिझाइन शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात जाऊन बसलं. चार वर्षांच्या तुकड्यातुकड्यांतल्या शिक्षणाची जोडणी विद्यार्थ्याने त्या एका प्रकल्पात आपली आपण करावी, ही अपेक्षा तेव्हापासूनची. १९८० च्या दशकात उद्योगांकडून तक्रारी वाढल्या: मुलं समीकरणं सोडवतात, पण अर्धवट मांडलेला प्रश्न समोर आला की अडखळतात.

इथवर सगळी ओढाताण ‘काय’ची होती. ‘कसं’चा प्रश्न शेजारच्या घरातून आला. मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर यांनी १९६८ मध्ये व्याख्यानांवरचा भर कमी करून, प्रत्येकाने आपल्या गतीने घटक पूर्ण करायचा आणि तो पक्का झाल्यावरच पुढे जायचं, अशी पद्धत मांडली. काही अभियांत्रिकी विभागांनी ती उत्साहाने घेतली, पण पुढे ती मागे पडली. मोठा धक्का दिला भौतिकीने. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या डेव्हिड हेस्टेनीस आणि सहकाऱ्यांनी बलाच्या संकल्पनांवर एक चाचणी बनवली. १९९२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात आकडेमोड नाही, साधे प्रश्न आहेत. अवजड ट्रक आणि लहान मोटार समोरासमोर धडकले तर कोण कोणावर जास्त बल लावतं? न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेली, त्यावरची गणितं सोडवणारी मुलंही ‘दोघांवर सारखंच’ याऐवजी ‘ट्रक’ असं उत्तर देत होती.

हार्वर्डमध्ये एरिक माझुर यांनी आपल्या वर्गाला ही चाचणी दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला वाटतं तशी. मुलांच्या डोक्यात दोन भौतिकी शेजारी शेजारी सुखाने नांदत होत्या, एक परीक्षेची आणि एक मनातून पटलेली. माझुर यांनी व्याख्यान तोडून मध्ये मध्ये प्रश्न टाकायला सुरुवात केली: आधी एकट्याने उत्तर द्या, मग शेजाऱ्याला पटवा, मग पुन्हा उत्तर द्या. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी बासष्ट वर्गांतल्या साडेसहा हजारांवर विद्यार्थ्यांचे अशा चाचण्यांतले निकाल एकत्र केले. जेवढी प्रगती शक्य होती त्यातली पारंपरिक वर्गांनी सरासरी २३ टक्के साधली, विद्यार्थ्यांना गुंतवणाऱ्या वर्गांनी ४८ टक्के. पारंपरिक वर्गांत चांगले शिक्षकही असतील, पण त्या गटातला एकही वर्ग फारसा वर सरकला नव्हता.

याच सुमारास अभियांत्रिकीत ‘लर्निंग स्टाइल्स’ची कल्पनाही लोकप्रिय झाली. प्रत्येक विद्यार्थ्याची शैली ओळखून तसं शिकवावं, असं तिचं म्हणणं. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी पुरावे तपासले, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने शिकणं सुधारतं याला पुरेसा आधार सापडला नाही. तरीही शिक्षक-प्रशिक्षणांत ती अजून भेटते.

अभ्यासक्रम-रचनेची आजची परिभाषा दोन झऱ्यांतून आली. एक शिक्षणशास्त्राचा: १९५६ ची ब्लूमची वर्गवारी (शिकण्याच्या उद्दिष्टांची आठवण्यापासून मूल्यमापनापर्यंतची उतरंड) आणि १९९६ मध्ये जॉन बिग्ज यांनी मांडलेली सुसंगतीची कल्पना. विद्यार्थ्याला शेवटी काय करता यावं हे आधी ठरवा, मग वर्गातलं काम आणि परीक्षा दोन्ही त्याच दिशेने लावा. सांगायला सोपं, पण डिझाइन शिकवायचं म्हणून लिहायचं आणि परीक्षेत व्याख्या विचारायच्या, हा विसंवाद नेमका यात उघडा पडतो. विद्यार्थी अभ्यास करतो तो परीक्षेचा, ध्येयवाक्याचा नाही.

दुसरा झरा अ‍ॅक्रेडिटेशनचा, म्हणजे बाहेरच्या संस्थेने अभ्यासक्रम तपासून मानांकन देण्याचा. १९८९ मध्ये सहा देशांनी वॉशिंग्टन करार करून एकमेकांच्या मानांकित पदव्यांना मान्यता दिली. पुढे जपान, सिंगापूर, मलेशिया, भारत, चीन असे देश त्यात आले. अमेरिकेतल्या अबेट या मानांकन देणाऱ्या संस्थेने १९९७ मध्ये नवे निकष स्वीकारले. किती तास, कोणते विषय याऐवजी पदवीधराला काय येतं, हे विचारायला सुरुवात झाली. अकरा अपेक्षा ठरल्या. संघात काम करणं, नैतिक जबाबदारी, संवाद यांनाही त्यात जागा मिळाली. १९९४ आणि २००४ च्या पदवीधरांची तुलना केलेल्या अभ्यासात नंतरच्यांनी आपली तयारी वरचढ असल्याचं सांगितलं, म्हणजे काहीतरी हललं. पण जे मोजायचं ते कागदावर मोजायचं, म्हणून सीओ-पीओचे (विषयाच्या आणि पूर्ण पदवीच्या अपेक्षांचे) तक्ते, त्यांची जोडणी दाखवणारे मॅपिंगचे आकडे, किती साधलं त्या अटेनमेंटची टक्केवारी यांचा डोंगर उभा राहिला. तपासणीचं पथक येण्याआधीच्या महिन्यात तो भरला जातो, हे त्या डोंगराखाली बसलेला कुठलाही प्राध्यापक सांगेल. चूक कल्पनेची नव्हती. अभ्यासक्रम सुधारण्यासाठी मागितलेला पुरावा कारकुनी झाला आणि वर्गातलं शिकवणं होतं तिथेच राहिलं.

काही ठिकाणी मात्र मुळापासून बांधणी झाली. डेन्मार्कच्या ऑलबोर्ग विद्यापीठाने १९७४ मध्ये स्थापनेपासूनच गटाने करायचे प्रकल्प अभ्यासक्रमाच्या मध्यभागी ठेवले. २००० मध्ये एमआयटी आणि तीन स्वीडिश विद्यापीठांनी कल्पना, डिझाइन, बांधणी आणि चालवणं या चार टप्प्यांभोवती अभ्यासक्रम रचायचा आराखडा केला. या चार टप्प्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सीडीआयओ म्हणतात तो हाच. बोस्टनजवळच्या ऑलिन महाविद्यालयाने २००२ मध्ये पहिली नियमित तुकडी घेतली, आणि त्याआधी वर्षभर थोड्या विद्यार्थ्यांना सोबतीला घेऊन अभ्यासक्रम आखला. तिथे पारंपरिक विभागही नाहीत आणि प्राध्यापकांना कायमची नेमणूकही नाही. लहान आणि नव्या संस्थेला हे जमतं. जिथे प्रत्येक विभागाचे तास म्हणजे त्याच्या जागा आणि पगार असतात, तिथे विषय कापायचा म्हणजे कोणाच्या तरी पोटावर पाय येतो.

पुराव्याची बाजू २०१४ मध्ये जवळजवळ निकालात निघाली. विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीतले २२५ अभ्यास एकत्र केल्यावर निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणारे सुमारे ३४ टक्के आणि सक्रिय पद्धतीच्या वर्गांत सुमारे २२ टक्के निघाले. तरी २०१८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या दोन हजारांवर वर्गांच्या निरीक्षणात ५५ टक्के वर्ग प्रामुख्याने व्याख्यानाचेच सापडले. बढतीचा हिशेब अजून शोधनिबंधांवर होतो, हे एक कारण. दुसरं २०१९ मध्ये हार्वर्डमधल्याच एका प्रयोगाने दाखवलं. सक्रिय वर्गातली मुलं चाचणीत जास्त शिकलेली निघाली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना स्वतःला वाटत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकताना समजल्यासारखं वाटतं. स्वतः धडपडताना आपलं अज्ञान टोचतं. आणि सत्र संपलं की शिक्षकाला गुण देणारा फॉर्म हीच मुलं भरतात.