‘त्वक्प्रसाद’ ते गोरेपणा: चेहऱ्याच्या रोजच्या निगेमागचा इतिहास

वाग्भट या जुन्या वैद्याच्या ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात दिनचर्येचा अध्याय आहे. दात घासण्यापासून स्नानापर्यंतची रोजची कामे त्यात क्रमाने येतात. अंगाला तेल लावणे म्हणजे अभ्यंग, पुढे व्यायाम, आणि मग औषधी चूर्ण अंगाला चोळणे, म्हणजे उद्वर्तन. आपला ‘उटणे’ हा शब्द या उद्वर्तनातूनच घडला. त्याचे गुण सांगताना वाग्भट ‘त्वक्प्रसादकरं परम्’ असे म्हणतो. येथे प्रसाद म्हणजे निर्मळपणा. गढूळ पाणी निवळले की संस्कृतात त्याला प्रसन्न म्हणतात, त्या अर्थाने. वर्ण सुधारणाऱ्या वनस्पतींचा ‘वर्ण्य’ नावाचा गट चरकसंहितेत आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु उटण्याचे फळ म्हणून वाग्भटाने गोरेपणा सांगितलेला नाही, त्वचेची निर्मळता सांगितली आहे. आज त्वचारोगतज्ज्ञ चेहरा सौम्यपणे धुवा, ओलावा टिकवा आणि उन्हापासून जपा असे तीनच नियम सांगतात, तेव्हा ते याच जुन्या उद्दिष्टाकडे परत येत असतात. मधल्या काळात या उद्दिष्टाच्या जागी दुसरेच येऊन बसले आणि त्याची किंमत अनेकांच्या चेहऱ्यांनी मोजली.

उटण्याचे काम कसे चालते ते आधी पाहू. वाळा, नागरमोथा, गव्हला कचोरा, आंबेहळद, संत्र्याची वाळलेली साल, मसुरीचे पीठ, मुलतानी माती असे जिन्नस घराघराच्या प्रमाणात एकत्र येतात. आधी लावलेले तेल त्वचेवरचा मळ सैल करते, आणि मागून चोळलेले पीठ ते जादा तेल मळासकट टिपून घेते. म्हणजे तेल आणि उटणे ही जोडी आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे ही जोडी अजून शाबूत असते. एरवी मात्र तेल वगळून नुसते भरड उटणे चेहऱ्यावर खसखसून घासले जाते आणि नाजूक त्वचा सोलवटते. मुरमे असलेल्या चेहऱ्यावर तर ते चोळूच नये.

शृंगाराची जुनी मराठी पेटी म्हणजे फणेरपेटी. झाकण उघडले की आतून आरसा उभा राहतो, आणि खालच्या कप्प्यांत फणी, काजळाची डबी, कुंकवाचा करंडा आणि त्याच्या शेजारी मेणाची लहानशी डबी. कपाळावर आधी मेणाचे बोट टेकवायचे, ते गोल बसवायचे आणि त्यावर कुंकू दाबायचे, अशी रीत होती. मेणामुळे कुंकू ओघळत नसे, आणि रंग व त्वचा यांच्यामध्ये एक पातळ पडदाही राहत असे. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याच्या नावाने ओळखले जाणारे पहिले कोल्ड क्रीम मधमाश्यांचे मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटूनच होई. आपल्या आज्या-पणज्यांनी कपाळापुरते त्यातलेच मेण वापरले, असे म्हणता येईल. कुंकूही तेव्हा मुख्यतः हळदीचे असे. हळदीवर टाकणखाराची प्रक्रिया केली की तिचा पिवळा रंग लाल होतो, आणि सोलापूर जिल्ह्यातील केमसारखी गावे या कुंकवासाठीच प्रसिद्ध झाली. पुढे स्वस्त कृत्रिम रंगांचे कुंकू आले, मेण सुटले, आणि कपाळाला खाज व पुरळ येण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. चिकटवायच्या टिकलीने निराळाच प्रश्न आणला. तिच्या काही डिंकांतले पॅरा-टर्शियरी-ब्युटाइलफिनॉल हे रसायन त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मारक ठरते, आणि भुवयांच्या मधोमध टिकलीएवढाच पांढरा डाग उमटतो. टिकलीखाली खाज येऊ लागताच टिकली लावणे थांबवावे आणि रात्री झोपताना टिकली काढून ठेवावी, या साध्या सल्ल्यामागे ही हकिगत आहे.

साबण हा यानंतरचा मोठा बदल. 1888 साली कोलकात्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. पुढे मुंबईत गोदरेजने प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण काढला, त्यामुळे तो सोवळ्या घरांतही पोहोचला. साबणाने मळ चटकन निघतो, परंतु तो अल्कधर्मी असतो आणि त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटतो तो यामुळे. त्या ताणाला स्वच्छतेची खूण मानण्याची आपली सवय चुकीची आहे.

ताणलेल्या चेहऱ्याला मग काहीतरी लावावे लागले, आणि ‘स्नो’ आला. स्टिअरिक आम्लाचे हे पांढरे, हलके मलम चोळताच त्यातले पाणी उडून जाते आणि मागे चिकटपणा न ठेवणारा पातळ थर उरतो. तेलकट कोल्ड क्रीम मुंबईच्या दमट हवेत घामाबरोबर ओघळे, तेथे हा प्रकार सोयीचा होता, आणि त्यावर पावडर नीट बसे. ई. एस. पाटणवाला यांनी 1919 साली मुंबईत ‘अफगाण स्नो’ बाजारात आणला. नंतर तर कोणत्याही क्रीमला स्नोच म्हटले जाऊ लागले आणि ‘स्नो-पावडर’ हा नटण्याला मराठीत जोडशब्दच झाला. 1952 साली टाटा ऑइल मिल्सने ‘लॅक्मे’ काढली. या फ्रेंच नावाच्या मुळाशी आपली लक्ष्मीच आहे. त्याच वर्षी केशव विष्णू पेंढरकर यांनी मुंबईत विको कंपनी सुरू केली.

या सगळ्या इतिहासात 1975 या वर्षापाशी थांबावेसे वाटते, कारण आजच्या चेहऱ्यांवरचे बरेच काही त्या एका वर्षाशी जोडलेले आहे. हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ त्या वर्षी आणले. विकोचे हळदीचे क्रीमही त्याच वर्षीचे. ते औषध की सौंदर्यप्रसाधन, हा वाद अबकारी करापायी वर्षानुवर्षे चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि आयुर्वेदिक औषध म्हणून कंपनीची बाजू टिकली. अमेरिकेत त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी त्याच वर्षी वांगावर, म्हणजे गालावरच्या काळसर चट्ट्यांवर, हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन ही औषधे आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड यांचे मिश्रण मांडले. आणि तेथलेच त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी उन्हात त्वचा किती भाजते व किती काळवंडते यावरून तिचे प्रकार पाडले. आधी केवळ गोऱ्या त्वचेचे, तपकिरी आणि काळ्या त्वचेचे प्रकार त्यात नंतर जोडले गेले. आपल्याकडची बहुतेक त्वचा या नंतरच्या प्रकारांत मोडते.

‘फेअर अँड लव्हली’तील नायासिनामाइड, म्हणजे बी-3 जीवनसत्त्वाचे एक रूप, हा मुळात चांगला घटक आहे. तो त्वचेची ओलावा धरण्याची ताकद वाढवतो आणि डाग काही प्रमाणात फिके करतो; आज तो सीरम म्हणून सर्वत्र विकला जातो. दोष होता तो भोवती उभ्या केलेल्या गोष्टीचा. सावळ्या मुलीचे लग्न अडते, नोकरी हुकते, आणि क्रीम लावताच दोन्ही जमते, असे जाहिराती वर्षानुवर्षे सांगत राहिल्या. ‘गोरी, सुंदर वधू पाहिजे’ असे छापणारा समाज आधीपासून होताच. जाहिरातींनी त्याच्या हातात ट्यूब दिली. 2005 साली पुरुषांसाठीही वेगळे क्रीम आले. वर्णावरून कमी लेखू नये, अशी नियमावली जाहिरात मानक परिषदेने 2014 साली काढली, आणि ‘फेअर’ हा शब्द नावातून जायला 2020 साल उजाडले.

खरी हानी मात्र या ट्यूबने नव्हे, तिने निर्माण केलेल्या घाईने केली. क्लिगमन यांच्या धर्तीवरची तिहेरी मिश्रणे आपल्याकडे औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळू लागली. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, आठवड्याभरात चेहरा उजळ दिसतो आणि मैत्रिणीला तीच ट्यूब सुचवली जाते. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, मुरमे आणि लव वाढते. आणि क्रीम थांबवले की आग होते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. या अवस्थेला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळे नाव दिले, त्यांच्या संघटनेने पाठपुरावा केला, आणि 2018 साली सरकारने अशा 14 स्टेरॉइड मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणली. नियम झाला, तरी विक्री सर्वत्र थांबली असे कोणीही म्हणणार नाही.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा रंगद्रव्य बनण्याची क्रिया रोखतो, त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात 2021 ते 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण वाढले आणि त्यांतील बहुतेकांनी गोरे करणारी क्रीम वापरल्याचे आढळले. म्हणून ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, आणि जी काही दिवसांतच गोरे करण्याची हमी देते, ती चेहऱ्याला लावू नये. सौंदर्यप्रसाधने औषध कायद्याच्या कक्षेत 1962 सालच्या दुरुस्तीने आली. वेष्टनावरच्या या ओळींना त्या कायद्याचा आधार आहे.

रोजच्या निगेत सर्वांत उशिरा आलेली वस्तू सनस्क्रीन. ऑस्ट्रियातील रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ ग्रायटर यांनी 1946 साली हिमनदीवरच्या उन्हासाठी क्रीम तयार केले, आणि पुढे सनस्क्रीनची ताकद सांगणारे एसपीएफ हे माप रूढ केले. हे माप त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढ्या जाड थरावर मोजतात. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी व मधले बोट भरून क्रीम घेतले तरच तेवढा थर होतो. आपण वाटाण्याएवढे लावतो आणि उपयोग नाही म्हणतो. शिवाय एसपीएफ सांगतो तो भाजण्यापासूनच्या रक्षणाविषयी, तर आपल्या त्वचेची मोठी तक्रार काळवंडण्याची आणि वांगाची आहे. वांग वाढवण्यात अतिनील किरणांबरोबर साध्या दिसणाऱ्या प्रकाशाचाही हात असतो, आणि तो अडवायला नेहमीचे पांढरे सनस्क्रीन अपुरे पडते. त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेले, त्वचेच्या रंगाशी जुळणारे सनस्क्रीन किंवा फाउंडेशन लागते. तुळशीवृंदावन सारवताना वापरतो त्या गेरूला लाली देणारे रसायनही हेच. प्रसाधनांत मात्र ते शुद्ध करून, बारीक दळून घातलेले असते. सावळ्या रंगाशी मिळतीजुळती छटा आता काही कंपन्या देऊ लागल्या आहेत. ती दुकानातल्या दिव्याखाली न पाहता, जबड्याच्या कडेला लावून दाराबाहेरच्या उजेडात पाहावी, आणि आपल्या रंगात मिसळून जाईल तीच घ्यावी.